घरटी एक भाकरी

हो, मी टोपी घालून उपासनेला जाते. काउबॉयची टोपी, रुंद काठाची, तपकिरी. शारजातल्या एका पार्टीच्या सामानाच्या दुकानातून घेतली. "पस्तीस दिरहम, म्हणजे आठशे रुपये झाले की," असं मी काउंटरवर मोठ्यांदा म्हणाले आणि मुलगी म्हणाली, "मम्मा, प्लीज, स्टॉप कन्व्हर्टिंग." ज्यांना ह्या टोपीची अडचण आहे त्यांनी ती माझ्या तोंडावर सांगावी. पाठीमागे बोलणारे पुष्कळ होते, तोंडावर एकानंच सांगितली. त्या माणसाबद्दल पुढे येईलच, पण हे सगळं मी लिहायला घेतलंय ते माझ्या वडिलांसाठी.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. राहतो दुबईत, अल कुसैसमध्ये. मी एका क्लिनिकच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांचं रक्त काढते. नवरा हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या यार्डात क्वालिटी बघतो. आमच्या चर्चच्या आवारात इतके हॉल आणि इतक्या भाषा आहेत की दारावर वेळापत्रक लावावं लागतं. मराठी मंडळीला रविवारी संध्याकाळी सहा ते आठ हॉल मिळतो. आमच्या आधी तमिळ, आमच्यानंतर फिलिपिनो. आमची शेवटची प्रार्थना चालू असतानाच त्यांचा ड्रम सेट दाराशी येऊन थांबलेला असतो. त्या मराठी मंडळीत मी चौदा वर्षं पेटी वाजवतेय. चौदा वर्षांत तीनदाच चुकवली, त्यातल्या एकदा मला बाळंत व्हायचं होतं.

मी टोपी घालून जाते ती काउबॉय उपासना त्याच आवारात, मागच्या हॉलमध्ये, महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी असते. ती सुरू केली एका उंच, वाकलेल्या अमेरिकन माणसानं. ड्रिलिंगच्या कामाला आला होता, रिटायर झाला तरी परत गेला नाही, पास्टर झाला. त्याच्या देशात काउबॉयची अशी चर्चं असतात म्हणे. माझ्या नवऱ्याची आणि त्याची यार्डातली ओळख. बसायला गवताच्या पेंढ्या, त्यावर चादरी. चौकटीचे शर्ट, बूट, गिटार. बाप्तिस्मा द्यायला जनावरांना पाणी पाजायची पत्र्याची मोठी डोण. प्रार्थना सुरू झाली की सगळे पुरुष टोप्या काढून छातीशी धरतात, बायकांनी ठेवल्या तरी चालतात. आणि जमलेले काउबॉय कोण, तर फिलिपिनो नर्सेस, केनियाचे सिक्युरिटी गार्ड, दोन मल्याळी कुटुंबं आणि आम्ही. निम्म्यांनी गाय फक्त दुधाच्या बाटलीवर बघितलेली. पास्टर स्वतः नऊ वर्षांचा असताना वडिलांचं रँच सोडून शहरात आला होता, हे तो स्वतःच हसत सांगायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

पहिल्यांदा मी मुलीसाठी गेले. ती तेरा वर्षांची, मराठी उपदेश तिच्या डोक्यावरून जातो, फोनमध्ये डोकं घालून बसते. तिथे ती गिटार वाजवायला लागली. मी नाक मुरडतच गेले आणि दुसऱ्या महिन्यात टोपी घेतली. कारण सांगते. मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनाव काय, आणि मग तो गप्प होतो कारण त्याचा हिशेब झालेला असतो. देव बदलला तरी हा हिशेब सुटत नाही. मागच्या हॉलमध्ये माझं आडनाव कोणाला उच्चारताच येत नव्हतं. मला तिथे मोकळं वाटायचं. एवढंच कारण आहे, आणि ते मला पुरेसं आहे.

आई गेली आणि त्यानंतर अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, खिशाला पेन. मराठी मंडळीत पहिल्याच रविवारी सगळे त्यांना गुरुजी म्हणायला लागले. कुणी विचारलं, "गुरुजी, तुमचे वडील काय करायचे?" तर अण्णांचं उत्तर ठरलेलं: "मिशनच्या आवारात कामाला होते." हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

ते खोटं होतं, हे मला माझ्या आत्यानं सांगितलं होतं, माझं लग्न ठरलं तेव्हा. माझे आजोबा गावचे गुराखी होते. मिशनचे नाही, गावाचे. सकाळी घरोघरची गुरं वेशीपाशी यायची, आजोबा ती रानात न्यायचे आणि दिवस मावळताना परत आणायचे. मग घरोघर फिरून भाकरी मागायची. घरटी एक भाकरी, हीच मजुरी. "अण्णाला कधी विचारू नकोस," आत्या म्हणाली, "तो ऐकूनच घेणार नाही." मी विचारलं नाही. आमच्या घरात गायीचा विषयसुद्धा निघत नसे. शेजारच्यांनी बैलपोळ्याला बैल दाखवायला आणले तरी अण्णा पेपर वर धरून बसायचे.

म्हणून मी त्यांना मागच्या हॉलमध्ये न्यायला घाबरत होते. पण घरात एकटे बसून ते आईच्या फोटोकडे बघत राहायचे, ते मला बघवत नव्हतं. पहिल्या शनिवारी घेऊन गेले. वाटलं होतं, हेडमास्तर संतापणार. ते आत आले, पास्टरशी हात मिळवला आणि बसायच्या आधी पेंढीतली एक काडी उपसली. वास घेतला, दाताखाली धरली. "हे नीट वाळलेलं नाही," ते म्हणाले. "जनावराचं पोट फुगेल." मग डोणीपाशी गेले, काठावर हात फिरवला. "ही कड उंच झाली. वासराला पिता यायचं नाही."

मी बघतच राहिले. अठ्ठेचाळीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मी वासरू हा शब्द ऐकला नव्हता.

उपासनेच्या शेवटी पास्टरनं विचारलं, इथे कुणाच्या घरात खरोखर गुरं राखलेली आहेत, हात वर करा. त्याची ती नेहमीची गंमत होती, हात कुणाचाच वर होत नसे. अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणतोय तो?" मी सांगितलं. त्यांनी हात मांडीखाली घातला आणि पुढे बघत बसले.

त्या महिन्यात मराठी मंडळीचा कापणीचा सण ठरला. त्या दिवशी आम्ही फळं, धान्य, जे असेल ते वेदीपुढे आणतो आणि आभार मानतो. गावाकडे असेल त्याची कापणी, इथे कुणाची कापणी आणि कसली, पण सण सोडलेला नाही. मुख्य संदेश गुरुजींनी द्यावा असं मंडळीच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं. अण्णांची छाती फुगली. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना वही काढून टिपणं करताना बघितलं, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी पुरणपोळी केली.

मग पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. पास्टरनं तोच प्रश्न विचारला. अण्णांनी ह्या वेळी अर्थ विचारला नाही. हात वर केला.

पास्टरनं त्यांना पुढे बोलावलं. मी दुभाषी म्हणून उठायला लागले तर त्यांनी मला बसायची खूण केली. हेडमास्तरांचं इंग्रजी होतं त्यांच्याकडे. "माय फादर वॉज काउबॉय," ते म्हणाले. "नॉट विथ हॉर्स. वॉकिंग. नो शूज. होल व्हिलेज काऊज. नॉट वन काऊ हिज ओन." मग म्हणाले, "आय नेव्हर टोल्ड."

सगळा हॉल उभा राहिला. केनियाचे गार्ड शिट्ट्या मारत होते. पास्टरनं स्वतःच्या डोक्यावरची जुनी, घामानं काठाला काळी पडलेली टोपी काढून अण्णांच्या डोक्यावर ठेवली. अण्णांची पांढरी टोपी त्यांच्या खिशात होती. माझी मुलगी गिटार बाजूला ठेवून रडत होती आणि तिची मैत्रीण ह्या सगळ्याचा व्हिडिओ काढत होती. मी काय केलं? मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. इतकी वर्षं आम्ही ज्याची लाज धरली, त्यासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते.

व्हिडिओ फिरत फिरत दोन दिवसांत मराठी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचला. पोचणारच. मंगळवारी संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले.

माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते. मंडळीत कुणी आजारी पडलं तर पहिला फोन त्यांचाच येतो. पण सवय उंटावरून शेळ्या हाकायची. चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, गैरसमज करून घेऊ नका. पण इथे आपल्या लोकांची एक इमेज आहे. आपली मुलं इंजिनिअर झालीत, आबुधाबीच्या रीम आयलंडवर उंची टॉवरांत राहायला गेलीत. त्यांना हे सगळं माहीतच नाही. कशाला उकरून काढायचं?"

"काय उकरून काढलं?" मी विचारलं.

"तेच, गुराखी वगैरे. गुरुजींनी शेतकरी म्हटलं असतं तरी भागलं असतं."

"शेत नव्हतं," अण्णा म्हणाले.

सेक्रेटरी जरा गडबडले. मग आल्यासारखं सगळंच सांगून टाकलं. गुरुजींनी सणाला पीकपाणी, आभार ह्याच विषयावर बोलावं. ते दुसरं काही नको. नाहीतर संदेश द्यायला आबुधाबीचे एक पाळक तयार आहेत. आणि मी ते टोप्यांचं नाटक सोडावं, कारण मंडळीची पेटी वाजवणारी बाई तसल्या टोपीत व्हिडिओत दिसते हे शोभत नाही.

"बाईनं उपासनेत डोकं झाकायचं असतं ना, भाऊ?" मी म्हटलं. "झाकलंय. पदरानं झाकलं काय आणि टोपीनं झाकलं काय."

"हा थट्टेचा विषय नाही, ताई. नसेल सोडायची तर पेटीवर दुसरं कुणीतरी बसेल."

"बसवा," मी म्हटलं.

म्हणाले खरी. चौदा वर्षं म्हणजे काय थोडकी नाहीत. तरी मला पेटीची एवढी काळजी नव्हती. मला काळजी अण्णांची होती. त्यांनी ती वही उघडली होती, आई गेल्यानंतर पहिल्यांदा. तो संदेश त्यांच्या हातून गेला असता तर ते परत त्या फोटोसमोर जाऊन बसले असते आणि मग मी त्यांना उठवू शकले नसते. आणि तो राखण्यासाठी त्यांनी आपल्या बापाला परत मिशनच्या आवारात नेऊन ठेवलं असतं, तर ते मला त्याहूनही असह्य झालं असतं. अण्णा सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "विचार करतो." मला त्यांचा राग आला. हो, आला.

सेक्रेटरी गेल्यावर मी भांडलेच. "तिकडे सगळ्यांसमोर बोललात आणि इथे विचार करतो?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तिकडं सोपं होतं, बाई," ते म्हणाले. "त्यांना आपलं गाव माहीत नाही. गुराखी म्हटलं की त्यांना घोडा दिसतो. ह्यांना सगळं दिसतं. भाकरी कशी मिळायची ते ह्यांना सांगावं लागत नाही."

मी भांडी घासायला उठले.

दोन दिवसांनी त्यांनी मला ग्रुपवर एक निरोप टाकायला सांगितला. मी जसाच्या तसा टाकला: कापणीच्या सणाला प्रत्येक घरानं एक भाकरी करून आणावी, गुरुजी. कारण काही दिलं नव्हतं. लोकांना वाटलं, जेवणाचा बेत आहे, गावाकडचं काहीतरी. सेक्रेटरींनी तर लगेच अंगठ्याचा इमोजी टाकला. त्यांना वाटलं असणार, गुरुजी लायनीवर आले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. "काय ठरवलंत?" असं मी दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी विषय बदलला.

सणाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पेटीवर बसवायला ठरवलेल्या मुलीची परीक्षा निघाली, म्हणून झक मारत मलाच बोलावलं. मी डोक्यावर पदर घेऊन बसले. सेक्रेटरींसाठी नाही, अण्णांचा दिवस माझ्यापायी नासू नये म्हणून. टोपी पिशवीत, पायाशी. वेदीपुढे केळी, संत्री, तांदळाच्या पिशव्या, कुणीतरी अख्खा कलिंगडांचा खोका आणलेला. आणि डब्यांमधून, फॉइलमधून भाकऱ्या. ज्वारीच्या, बाजरीच्या, रत्नागिरीकडच्या एका घरची तांदळाची. एकीनं चपाती आणली होती, कारण भाकरी तिला येत नाही. एक नवराबायको दोघं ड्युटीवरून थेट आले होते, त्यांनी बेकरीतला खुबुस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणला होता, अजून गरम.

अण्णा उभे राहिले. वही उघडली नाही. खांद्यावरचं उपरणं काढून टेबलावर पसरलं.

"तुम्ही मला विचारलंत, वडील काय करायचे," ते म्हणाले. "मी खोटं सांगितलं. माझा बाप गावचा गुराखी होता. घरटी एक भाकरी. संध्याकाळी आम्ही दारोदार जायचो. बापाच्या हातात काठी, म्हणून फडकं मी धरायचो, दोन्ही टोकं, असं. भाकरी वरून पडायची. हातात कुणी देत नसे. कधी नेम चुकायचा, भाकरी मातीत पडायची. ती झटकून आम्ही खायचो. मी सात वर्षांचा असेन. कुठल्या घरची कुठली, ते मला चवीवरून सांगता यायचं. त्या भाकऱ्यांवर मी शाळा शिकलो आणि पुढं साठ वर्षं त्या भाकऱ्यांची लाज धरली. बापाची लाज धरली. माझी कापणी हीच आहे, तीच आज वेदीपुढं आणलीय."

इतकी माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाला आपापल्या घरातलं काहीतरी आठवत होतं, हे मला त्यांच्या खाली घातलेल्या मानांवरून कळत होतं.

"आज एकेका घरानं पुढं यावं," अण्णा म्हणाले, "आणि भाकरी माझ्या हातात द्यावी."

पहिली उठली ती चपातीवाली. मग खुबुसवाले. मग रांगच लागली. प्रत्येक जण भाकरी अण्णांच्या हातावर ठेवायचा, अण्णा ती कपाळाला लावून उपरण्यावर ठेवायचे. रीम आयलंडवरून आलेला एक तरुण, कानात ब्लूटूथ, भाकरी देताना त्यांच्या पायाशी वाकला. मी पेटीवर नुसती बोटं ठेवून बसले होते, वाजवायचं भान नव्हतं. डोळे पुसायला पदर होता, तेवढा त्याचा उपयोग झाला.

सगळी घरं झाली. पहिल्या रांगेत सेक्रेटरी हाताची घडी घालून बसलेले. त्यांच्या घरची भाकरी आली नव्हती. वहिनी गावाला गेल्या होत्या हे खरं, पण मनात असतं तर खुबुस आणता आला असता. सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

"एक घर राहिलं का?" अण्णांनी विचारलं.

सेक्रेटरींनी उपरण्यावरच्या ढिगाकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "माझा बाप म्हणायचा, ज्या घरची भाकरी आली नाही, त्या घरचं जनावर रानात सोडून यायचं नसतं. तेही घरीच आणायचं."

त्यांनी ढिगातली वरची भाकरी उचलली, सावकाश चालत पहिल्या रांगेशी गेले आणि सेक्रेटरींपुढे धरली. सेक्रेटरी उठले. हाताची घडी सुटली. दोन्ही हातांनी त्यांनी ती घेतली आणि परत बसायचं विसरून तसेच उभे राहिले.

दाराशी फिलिपिनो मुलं ड्रम घेऊन आली होती. आमची वेळ संपत आली होती आणि शेवटचं गीत व्हायचं होतं. मी पिशवीतून टोपी काढली, पदरावरच घातली आणि पेटीचा भाता ओढला. सेक्रेटरींनी भाकरी हातात धरून माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. मी ती काढली नाही. सूर दिला.